मयत शेतकऱ्याच्या वारसांस मिळणारे सरकारी साहाय्य : ते कसे घटते, व घरधन्याने कोणती दक्षता घ्यावी

बियाणे किती लागेल, खत किती पडेल, खुरपणीची मजुरी किती होईल, याचा हिशेब शेतकरी पेरणीपूर्वीच मनाशी बांधतो. परंतु घरचा कर्ता माणूस एकाएकी गेला तर मागे राहिलेल्यांच्या हाती काय पडेल, कोणत्या कागदावर पडेल आणि किती दिवसांनी पडेल, याचा हिशेब सहसा कोणी बांधीत नाही. विषय अशुभ मानून तो बाजूस सारला जातो. मग प्रसंग ओढवला म्हणजे सुतकातल्या घरी कागदांची शोधाशोध सुरू होते, व जे मिळावयाचे तेही हातचे जाते. सबब या अंकी हा विषय धड्याप्रमाणे क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

केज तालुक्याच्या वाचकांस हा विषय परका नाही. २०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांपैकी २६९ एकट्या बीड जिल्ह्यातील होत्या, आणि आठही जिल्ह्यांत हा आकडा सर्वांत मोठा होता. याखेरीज सर्पदंश, वीज पडणे, मोटारीचा विद्युत्‌धक्का, विहिरीत पडणे व रस्त्यावरील अपघात यांनी जाणारी माणसे निराळीच. या प्रत्येक घरास सरकारने काही द्यावे अशी तरतूद कोठे ना कोठे आहे. ती तरतूद कमी कमी कशी होत जाते, हे समजणे हा या धड्याचा पहिला भाग. आणि जे उरते ते तरी आपल्या घरास मिळावे म्हणून काय करावे, हा दुसरा.

तीन शब्दांचा भेद

आरंभी तीन शब्दांतील भेद नीट ध्यानात घ्यावा. ‘नुकसानभरपाई’ म्हणजे ज्याच्या चुकीने हानी झाली त्याने कायद्याने द्यावयाची रक्कम. ‘विमा’ म्हणजे हप्ता भरून केलेला करार. कराराप्रमाणे पैसे न मिळाल्यास ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. ‘सानुग्रह अनुदान’ म्हणजे सरकारने अनुग्रह करून, अर्थात कृपेने, दिलेली रक्कम. शासन निर्णयात जेवढे लिहिले तेवढेच ते, आणि निर्णय बदलला की तेही बदलते. कर्जापायी आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांस मिळणारे साहाय्य या तिसऱ्या जातीचे आहे. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दलचे साहाय्य पूर्वी दुसऱ्या जातीचे होते, ते २०२३ सालापासून तिसऱ्या जातीत आले. कृपेची रक्कम तीन वाटांनी घटते. त्या तिन्ही वाटा आता पाहू.

पहिली घट : उघड कपात

उघड कपातीचे ठळक उदाहरण करोनाच्या साथीतील आहे. १४ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने या साथीस आपत्ती ठरवून, मृताच्या कुटुंबास ४ लक्ष रुपये सानुग्रह देता येतील असे राज्यांस कळविले. त्याच दिवशी सुधारलेले पत्र निघाले, व त्यातून मृताच्या कुटुंबाचे साहाय्य वगळलेले होते. पुढे गौरव कुमार बन्सल यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी निकाल दिला की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे काही साहाय्य ठरविणे बंधनकारक आहे. रक्कम किती हे मात्र सरकारने ठरवावे. त्यावरून ५०,००० रुपये ठरले. म्हणजे सकाळी चार लक्षांचे वचन, सायंकाळी काही नाही, आणि दीड वर्षाने न्यायालयाच्या आज्ञेवरून आठवा हिस्सा. सानुग्रह या शब्दाचा अर्थ इतक्या थोडक्यात दुसरे कोणतेही उदाहरण समजावून देणार नाही.

दुसरे उदाहरण राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे. दारिद्र्यरेषेखालील घरातील मिळवता माणूस गेला तर एकरकमी साहाय्य देणारी ही केंद्राची योजना १९९५ साली सुरू झाली. २०१२ साली तिची रक्कम १०,००० वरून २०,००० रुपये झाली, आणि त्या वाढीचा गवगवाही झाला. परंतु त्याच वेळी मृताच्या वयाची वरची मर्यादा ६४ वरून ५९ वर आणली गेली. आपल्या खेड्यांत साठीचा शेतकरी काही घरी बसून खात नाही. तो औत धरतो, पाणी देतो व घर चालवितो. तो गेला तर घर तितकेच उघडे पडते. पण कागदावर तो मिळवता राहिला नाही. एका हाताने वाढविले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा हा प्रकार आहे.

दुसरी घट : न वाढणारी रक्कम

उघड कपात निदान दिसते. वर्तमानपत्रांत येते, कोणी न्यायालयात जातो. परंतु जी रक्कम कोणीच कमी केली नाही, आणि तरीही जी दरसाल घटत गेली, तिच्याविषयी ओरड होत नाही. आमचे मते हीच सर्वांत मोठी कपात आहे.

२३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे महाराष्ट्रात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या वारसांस १ लक्ष रुपये ठरले. २०२५ साली विधिमंडळात सरकारने जी माहिती दिली, तीतही दर घरास दिलेली रक्कम १ लक्षच होती. एकोणीस वर्षे आकडा जागचा हलला नाही. पण रुपया जागचा हलला किंवा नाही, हे शेतकऱ्याने आपल्या मापाने मोजून पाहावे. आपल्या तालुक्यात सोयाबीन सर्वांस ठाऊक, म्हणून ते माप घेऊ.

२००५-०६ च्या हंगामात पिवळ्या सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास १,०१० रुपये होता. त्या भावाने १ लक्ष रुपये म्हणजे ९९ क्विंटल सोयाबीन. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव ५,३२८ रुपये ठरला. त्या भावाने तेच १ लक्ष रुपये म्हणजे पावणेएकोणीस क्विंटल. विधवेच्या पदरात पूर्वी जेथे पाच पोती पडत होती, तेथे आता एकही पुरते पडत नाही. आणि हा हमीभाव सरकारनेच ठरविलेला आहे. व्यापाऱ्याचा किंवा आमचा नव्हे. पिकाची किंमत पाचपटीहून अधिक वाढली हे जे सरकार एका कागदावर मान्य करते, तेच दुसऱ्या कागदावर कर्त्या माणसाच्या मृत्यूबद्दलची रक्कम जेथल्या तेथे ठेवते.

हीच रीत इतर रकमांस लावून पाहावी. कुटुंब लाभाचे २०,००० रुपये २०१२-१३ च्या २,२४० रुपये भावाने जवळजवळ ९ क्विंटल होत. २०२५-२६ च्या भावाने पावणेचार. अपघाती मृत्यूचे २ लक्ष रुपये २०१५-१६ च्या २,६०० रुपये भावाने ७७ क्विंटलांच्या आसपास होत. २०२५-२६ च्या भावाने साडेसदतीस. निर्णय बदलला नाही, सही झाली नाही, तरी निम्मी रक्कम गेली.

आत्महत्येच्या प्रकरणातील १ लक्ष रुपयेही सगळे हाती येत नाहीत. त्यांपैकी ३०,००० रुपये तात्काळ, आणि ७०,००० रुपये वारसांच्या नावे ठेव, अशी व्यवस्था आहे. लेकरांसाठी काही शिल्लक राहावी हा हेतू चांगला आहे. तथापि ७०,००० रुपयांवर द.सा.द.शे. साडेसात व्याज धरले तर वर्षास ५,२५० रुपये, म्हणजे महिन्यास सुमारे ४३७ रुपये होतात. एवढ्यात घराचे मीठमिरचीही वर्षभर भागेल की नाही, याचा विचार वाचकांनीच करावा.

रक्कम वाढविणे अशक्य होते असे कोणी म्हणेल, तर शेजारच्या राज्यांकडे पाहावे. मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचे बीदर-गुलबर्गा हे मुलूख एकेकाळी एकाच हैदराबाद संस्थानात होते. जमीन, पाऊस व कर्ज यांची रीत फार निराळी नाही. कर्नाटकाने अशा वारसांची रक्कम २०१५ साली ५ लक्ष केली. तेलंगणाने ऑगस्ट २०१८ पासून १८ ते ५९ वयाच्या खातेदार शेतकऱ्यांचा आयुर्विमा सरकारी हप्त्याने उतरविण्यास आरंभ केला; त्यात शेतकरी आजाराने वारला काय किंवा अपघाताने वारला काय, वारसास ५ लक्ष मिळतात. २००६ सालचे ९९ क्विंटल कायम राखावयाचे तर २०२५-२६ च्या हमीभावाने सव्वापाच लक्ष रुपये लागतात. शेजाऱ्यांचा आकडा आणि आमच्या सोयाबीनचा हिशेब हे दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या राज्यातही रक्कम वाढविण्याची रीत ठाऊक नाही असे नव्हे. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर त्याच्या वारसांस द्यावयाची रक्कम टप्प्याटप्प्याने वाढवीत २०२२ साली २० लक्ष व २०२३ साली २५ लक्ष करण्यात आली. हे योग्यच झाले. त्याबद्दल आमचा आक्षेप नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, बिबट्याने नेलेल्या माणसाच्या घरी जी चूल विझते, तीच कर्जाने नेलेल्या माणसाच्या घरीही विझते.

तिसरी घट : अटींची चाळणी

तिसरी वाट अटींची. २०२५ सालच्या जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्याचे मदत व पुनर्वसन मंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. त्यांपैकी ३७३ प्रकरणे पात्र, २०० अपात्र, आणि १९४ चौकशीत होती. ज्यांचा निकाल लागला होता अशा ५७३ घरांपैकी दर तिसरे घर रिकाम्या हाताने परतले, असा याचा अर्थ.

चाळणीची छिद्रे कोणती ते पाहू. मुख्य अटी तीन. पहिली, शेतजमीन मृताच्या किंवा त्याच्या कुटुंबातील व्यक्तीच्या नावे असावी. दुसरी, कर्ज राष्ट्रीयीकृत बँक, सहकारी बँक, पतसंस्था किंवा परवानाधारक सावकार यांचे असावे. तिसरी, ते थकलेले असून परतफेडीच्या तगाद्यामुळे मृत्यू ओढवला असे चौकशीत दिसावे. तहसीलदार चौकशी करतात, आणि जिल्हाधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय देते.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात झाली. अटी वाचावयास सरळ दिसतात, पण त्या खेड्यातील खऱ्या व्यवहाराशी जुळत नाहीत, हे आम्ही फायली चाळताना वारंवार पाहिले आहे. समजा, एका घरात तीन भाऊ आहेत. जमीन आजोबांच्या नावे आहे. आजोबा वारून वीस वर्षे झाली, पण फेर ओढलेला नाही. वाटण्या तोंडी झाल्या, प्रत्येकजण आपला तुकडा कसतो. सातबाऱ्यावर मात्र मृताचेच नाव. अशा भावास बँक पीककर्ज देत नाही, कारण खाते त्याचे नाही. मग तो गावातील बिगर-परवाना सावकाराकडे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे वळतो. दुर्दैवाने तो गेला, तर जमीन नावावर नाही म्हणून पहिली अट अडते, आणि कर्ज कागदावर नाही म्हणून दुसरी अडते. त्याचे दुःख खोटे नव्हते व कर्जही खोटे नव्हते. खोटा ठरला तो कागद. दुसऱ्याची जमीन बटईने करणाऱ्याची गत तर याहून बिकट, कारण त्याचे नाव कोठेच नाही.

जो अधिक गरीब, ज्याची नोंद अधिक अपुरी, त्याच्याच घरी साहाय्य पोचत नाही, असा हा उलटा न्याय आहे. सावकारीचा २०१४ चा महाराष्ट्राचा कायदा बिगर-परवाना सावकारीस गुन्हा ठरवितो. गुन्हा सावकाराचा, आणि त्या गुन्ह्याची शिक्षा मात्र कर्जदाराच्या विधवेस, हे कोणत्या न्यायात बसते?

अपघाती मृत्यूचे अनुदान

आता अपघाताकडे वळू. २००५-०६ साली शेतकरी जनता अपघात विमा योजना सुरू झाली, तिची रक्कम १ लक्ष होती. २०१५-१६ पासून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ती २ लक्षांची झाली. हप्ता सरकार भरीत असे, आणि दावा विमा कंपनी तपाशीत असे. कंपन्या लहानसहान त्रुटी काढून दावे फेटाळतात अशी तक्रार होती. शिवाय एक करार संपून दुसरा होईपर्यंत मध्ये जो काळ जाई, त्या काळात मृत्यू आला तर घर अधांतरी राही. म्हणून एप्रिल २०२३ मध्ये कंपनी काढून टाकून सरकारने स्वतःच अनुदान देण्याचे ठरविले. या बदलात नफा आहे तसा धोकाही आहे. नफा हा की, मध्ये नफेखोर कोणी नाही आणि खंड नाही. धोका हा की, करार गेला आणि कृपा आली. आता पैसा अंदाजपत्रकातील तरतुदीवर अवलंबून राहतो.

या योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार, आणि खातेदार नसलेला त्याच्या घरातील एक सदस्य, अशा १० ते ७५ वयाच्या व्यक्ती येतात. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लक्ष, आणि एक डोळा अथवा एक हात वा पाय गेल्यास १ लक्ष. रस्ता व रेल्वे अपघात, बुडणे, विद्युत्‌धक्का, वीज पडणे, सर्पदंश व विंचूदंश, फवारणीची विषबाधा, उंचावरून पडणे, जनावराचा हल्ला इत्यादी कारणे त्यात धरली आहेत. नैसर्गिक मृत्यू व आत्महत्या धरलेली नाहीत. अर्ज घटनेपासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावयाचा असतो.

येथे तीन ठिकाणी घरे नाडली जातात. सर्पदंशाने माणूस गेला की रात्रीतूनच अंत्यविधी उरकला जातो. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, मग दंशाचा पुरावा कोठून आणावा? दुचाकीच्या अपघातात चालकाकडे वाहन चालविण्याचा परवाना नसतो. आणि मृताचे नाव सातबाऱ्यावर ‘ज्ञानोबा’, आधारावर ‘ज्ञानदेव’ व बँकेत तिसरेच असते. पहिल्या दोहोंस मागाहून उपाय नाही. तिसऱ्यास आहे, पण तीस दिवस त्यातच निघून जातात.

घरधन्याने करावयाच्या गोष्टी

सरकारचे धोरण आपल्या एकट्याच्या हाती नाही. घरातील पेटी आपल्या हाती आहे. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येक वाचकाने येत्या महिन्याभरात कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

(१) आपल्या सर्व गटांचे सातबारे व आठ-अ उतारे काढून मृताचे नाव कोठे उरले आहे काय ते पाहावे. उरले असल्यास वारसनोंदीचा अर्ज ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचे तलाठी, यांजकडे द्यावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांत द्यावयाची असते. मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. पण योजनेची मुदत टळते. २०२५ साली सरकारने ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम काढून मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले, यावरूनच हा रोग किती पसरलेला आहे ते दिसते.

(२) शक्य असेल त्याने पत्नीचे नाव सहखातेदार म्हणून लावावे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मी मुक्ती’ या नावाने ही चळवळ केली, व १९९२ साली सरकारनेही त्यास अनुकूल निर्णय काढला. जिचे नाव आधीच उताऱ्यावर आहे, तीस पुढे आपण कोण हे सिद्ध करीत फिरावे लागत नाही.

(३) सातबारा, आधार, बँकपुस्तक व शिधापत्रिका यांतील नावे एकसारखी करून घ्यावीत. आज हे काम चार चकरांचे आहे. मृत्यूनंतर तेच प्रतिज्ञापत्रांचे होते.

(४) घरातील कर्जाची यादी, कोणाचे, किती, कोणत्या तारखेचे, अशी एका वहीत लिहून पत्नीस अथवा कर्त्या मुलास दाखवून ठेवावी. आमचे बहुतेक बांधव हे लपवितात. लपविलेले कर्ज घेणाऱ्यास आतून पोखरते, आणि मागे राहिलेल्यांस बाहेरून.

(५) बँकेतून मिळणारे दोन स्वस्त विमे अवश्य उतरावेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाती मृत्यूस २ लक्ष देतो, त्याचा वार्षिक हप्ता जून २०२२ पासून २० रुपये ठरला. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आजाराने मृत्यू झाला तरी २ लक्ष देतो, त्याचा हप्ता त्याच वेळी ४३६ रुपये ठरला. त्यात वयाच्या ५० वर्षांपर्यंत नाव घालता येते. हे करार आहेत, कृपा नव्हे. मात्र खात्यात हप्त्यापुरती शिल्लक ठेवणे आणि वारसाचे नाव लावणे विसरू नये.

(६) दुर्दैवाने प्रसंग आलाच तर अपघाती मृत्यूची खबर पोलीस पाटलामार्फत लगेच द्यावी, आणि पंचनामा व शवविच्छेदन झाल्यावाचून अंत्यविधी करू नये. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. तेराव्याची वाट न पाहता सुतकातच घरातील एका शहाण्या माणसाने वारसनोंदीचा व अनुदानाचा अर्ज द्यावा. एखादा कागद मागाहून येणार असेल तरी अर्ज आधी द्यावा, व त्याची तारखेसह पोच घ्यावी. तोंडी ‘उद्या या’ यास पुरावा नसतो, पोचपावतीस असतो.

(७) निराधार विधवेने संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसीलीत द्यावा. २०२३ साली हे अनुदान महिन्यास १,५०० रुपये झाले. तेव्हाही पात्रतेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपयेच होती. म्हणजे दोन एकर कोरडवाहू असलेली विधवाही एखाद्या बऱ्या सालात ती ओलांडील. म्हणून उत्पन्नाचा दाखला अंदाजाने नव्हे, पीकपाण्याप्रमाणे खरा निघेल याची काळजी घ्यावी.

संस्थेने करावयाची मागणी

एकेका घराची दक्षता ही झाली. परंतु पेटीतील कागद कितीही नीट असले तरी १ लक्षाचे सव्वापाच लक्ष होत नाहीत. त्यासाठी शेतकऱ्यांच्या संस्थांनी एकमुखाने तीन मागण्या कराव्यात असे आम्ही सुचवितो. पहिली, मृताच्या वारसांस मिळणाऱ्या सर्व रकमा हमीभावास जोडाव्यात, व हमीभाव जेवढा वाढेल तेवढ्या त्या आपोआप वाढाव्यात. म्हणजे दर वेळी कोणाच्या दयेची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी, बटईदार व बिगर-परवाना सावकाराचे कर्ज असलेला शेतकरी यांची प्रकरणे कागदाअभावी न फेटाळता गावचौकशीवरून ठरवावीत. तिसरी, अपात्र ठरलेल्या घरास कारण लेखी कळवावे, आणि त्यावर अपील ऐकण्याची मुदत बांधून द्यावी.

यावर असे म्हटले जाते की, रक्कम मोठी केली तर मृत्यूस उत्तेजन मिळेल. आम्हांस हे पटत नाही. शेजारच्या राज्यांत रक्कम पाचपट असता, २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्यांच्या ज्या ११,२९० आत्महत्यांची नोंद झाली त्यांपैकी ४,२४८ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होत्या. लहान रकमेने कोणी वाचला असे दिसत नाही. मागे राहिलेले मात्र अधिक बुडाले.

शेवटी एक गोष्ट आमच्या कर्जबाजारी बांधवांस निक्षून सांगितली पाहिजे. माणूस गेल्याने कर्ज जात नाही. ज्या वारसास जमीन येते, त्यास त्या मिळकतीपुरते कर्जही येते. आणि वर सांगितलेला लाख रुपया त्याच्या व्याजासही पुरत नाही. जिवंत माणूस बँकेशी पुनर्गठनाची बोलणी करू शकतो, बिगर-परवाना सावकाराविरुद्ध सहायक निबंधकाकडे तक्रार देऊ शकतो, एक तुकडा विकून दुसरा राखू शकतो. यांपैकी एकही गोष्ट मृतास करता येत नाही, आणि त्याच्या पत्नीस त्या करण्यास दसपट कष्ट पडतात. मनावर फार भार झाला तर घरात बोलावे, शेजाऱ्यास सांगावे, अथवा १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलावे. तेथे पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. गावातील शहाण्या मंडळींनीही ज्याच्या घरी जप्तीची नोटीस आली त्याच्याकडे त्या संध्याकाळी जाऊन बसावे. हे काम कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहत नाही.

तात्पर्य, साहाय्य तीन वाटांनी घटते : हुकुमाने, महागाईने व अटींनी. हुकुमाविरुद्ध न्यायालय आहे, महागाईविरुद्ध संघटित मागणी आहे, आणि अटींविरुद्ध नीट ठेवलेला कागद आहे. पहिल्या दोहोंस वेळ लागेल. तिसऱ्याचे काम मात्र आज सायंकाळी पेटी उघडून आरंभिता येते, आणि ते वाचकांनी आरंभावे.